ॲप्टेशिया-एक्स: 60 मिलीच्या बाटलीचा हिशेब

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत माजणारी ॲप्टेशिया ही उपद्रवी समुद्रफुलं मारायला रेड सी कंपनीचं ॲप्टेशिया-एक्स हे औषध घ्यावं की नाही, याचं उत्तर टाकीत अशी किती समुद्रफुलं माजली आहेत आणि ती कुठे बसली आहेत यावर ठरतं. दहा-पंधरा ॲप्टेशिया असतील, समोरून दिसत असतील आणि सिरिंजची नळी त्यांच्या तोंडापर्यंत पोहोचत असेल, तर ही बाटली जरूर घ्यावी. पन्नासच्या पुढे गेले असतील, ओव्हरफ्लोमध्ये (टाकीतलं पाणी वरून बाहेर पडतं त्या कप्प्यात) आणि दगडांच्या पाठीमागे पसरले असतील, तर बाटलीमागून बाटली संपेल आणि ॲप्टेशिया होते तेवढेच राहतील. औषधात खोट नाही. पण जिथे ते पोहोचत नाही तिथे त्याचा उपयोगही नाही.

आधी शत्रूबद्दल थोडं, कारण वापरण्याची पद्धत त्याच्या स्वभावावरून ठरते. ॲप्टेशिया हे तपकिरी, काचेसारखं अर्धपारदर्शक समुद्रफूल. लांब देठ, वर गोल तबकडी, तबकडीच्या मध्यावर तोंड आणि कडेने टोकाला निमुळते होत गेलेले टेंटॅकल, म्हणजे लवचिक बाहू. बहुतेक वेळा ते लाइव्ह रॉकवरून (जीव वसलेल्या समुद्री दगडावरून) किंवा नव्या कोरलच्या, म्हणजे प्रवाळाच्या, फ्रॅग प्लगवरून (कोरलचा तुकडा चिकटवलेल्या छोट्या बैठकीवरून) टाकीत येतं. 2014 साली या गटाची फेरमांडणी होऊन टाक्यांमध्ये आढळणाऱ्या उपद्रवी जाती एक्झॅप्टेशिया या नव्या प्रजातीत गेल्या, तरी सगळीकडे जुनंच नाव चालतं. प्रवाळ आणि त्यांच्यातल्या शैवालाचं नातं अभ्यासायला प्रयोगशाळांमध्ये हेच समुद्रफूल मुद्दाम वाढवतात, कारण ते झपाट्याने वाढतं आणि सहजी मरत नाही. प्रयोगशाळेला जो गुण वाटतो तोच टाकीवाल्याच्या मुळावर येतो.

याची वाढ रक्तबीजासारखी होते. तळव्याचा छोटासा तुकडा दगडाला चिकटून राहिला तरी त्यातून नवं समुद्रफूल उभं राहतं, आणि नुसतं सरकतानाही ते असे तुकडे मागे सोडत जातं. म्हणून ब्लेडने खरवडणं, चिमट्याने ओढणं, टूथब्रशने घासणं हे सगळे उपाय एकाचे पाच करतात. डिवचलं की ते क्षणार्धात दगडाच्या भोकात शिरतं, आणि अंगातून पांढरे, डंख असलेले बारीक धागे बाहेर सोडतं. शेजारच्या कोरलला ते धागे आणि टेंटॅकल दोन्ही भाजतात. झोआंथिडची (बटणांसारख्या दिसणाऱ्या प्रवाळसदृश जीवांची) वसाहत एका बाजूने मिटलेलीच राहत असेल तर त्या बाजूच्या फटीत टॉर्च मारून बघा.

या औषधामागची युक्ती अशी आहे की ॲप्टेशियाला धोका जाणवू द्यायचाच नाही. किटमध्ये 60 मिलीची बाटली, सिरिंज आणि तिच्या टोकाला बसणारी लांब नळी येते. द्रव्य पांढरं, दाट आणि चिकट असतं. कंपनीचं म्हणणं असं की समुद्रफूल ते अन्न समजून गिळतं आणि आतल्या आत कोसळतं, त्यामुळे पिल्लं बाहेर पसरत नाहीत. नीट डोस बसला की प्रत्यक्षातही जवळपास तसंच दिसतं. द्रव्य तबकडीवर उतरतं, टेंटॅकल एकेक करून आत वळायला लागतात, तबकडी पिशवीचं तोंड आवळावं तशी मिटते आणि तपकिरी फुलाच्या जागी मळकट पांढरा गोळा उरतो. हे सगळं मिनिटभरात होतं. टेंटॅकल एकदम, झटक्याने मिटले आणि अख्खा देठ भोकात गेला, तर मात्र समजा की डोस वाया गेला. ते मेलेलं नाही, लपलेलं आहे.

आता पद्धत. पन्नास टक्के यश बाटली हलवण्यात आहे, आणि नेमकं तेच घाईत राहून जातं. उभी ठेवलेली बाटली तळाशी घट्ट आणि वर पाणचट होते. चांगली अर्धा-एक मिनिट हलवा, तळाला चिकटलेला थर सुटलाय का बघा, मगच सिरिंज भरा. मग सिरिंज उभी धरून नळीतली हवा पूर्ण काढा. नळीच्या टोकाशी द्रव्याचा थेंब दिसला पाहिजे. ही हवा फार नुकसान करते, कारण पहिला बुडबुडा समुद्रफुलाला लागला की ते मिटतं आणि पुढची पाच मिनिटं गेली. दोन डोसांच्या मध्ये नळी पाण्यात लोंबकळत राहिली तर टोकातलं द्रव्य पातळ होतं आणि पुढच्या डोसला दाट धारेऐवजी पांढरा धूर निघतो. म्हणून पुढच्या फुलाकडे जाण्यापूर्वी नळी बाहेर काढून एक थेंब कागदावर टाकून द्या.

वेव्हमेकर (टाकीत प्रवाह खेळवणारा पंप) आणि रिटर्न पंप (सम्पमधलं, म्हणजे खालच्या जोडटाकीतलं, पाणी वर आणणारा) दोन्ही बंद करा. रिटर्न बंद केला की सम्पमधली पातळी चढते आणि स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र) उतू जातो, तेव्हा स्किमरही बंद करा. हीटर मुख्य टाकीत असेल तर तो पाण्याखालीच राहतोय ना, हे एकदा बघून घ्या. पाणी स्थिर झाल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा. प्रवाह थांबला की ॲप्टेशिया आणखी पसरतात, आणि आपल्याला तेच हवं असतं. नळी बाजूने, सावकाश आणि तबकडीच्या थोडी वर आणा, स्पर्श करू नका. पहिला थेंब टेंटॅकलवर सोडा. ते द्रव्य तोंडाकडे नेऊ लागलं की मग तोंडावर हळूहळू सोडत राहा, तबकडी पूर्ण झाकेपर्यंत. एक सेंटिमीटरपेक्षा लहान तबकडीला 0.2 ते 0.3 मिली पुरतं, मध्यमला अर्धा मिली, दोन-तीन सेंटिमीटरच्या थोराडाला एक मिलीपर्यंत लागतं. काटकसर इथे अंगाशी येते. अर्धवट भाजलेलं ॲप्टेशिया काही दिवसांत परत उभं राहतं, आणि बऱ्याचदा आजूबाजूला पिल्लं घेऊन.

यावरून बाटलीचा हिशेब मांडता येतो. अर्ध्या मिलीने 60 मिलीत 120 डोस निघतात, कागदावर. नळीत अडकलेलं, टिपून टाकलेलं, चुकलेलं आणि दुसऱ्यांदा द्यावं लागलेलं धरलं की साठ-सत्तर फुलांपलीकडे बाटली जात नाही असं धरून चालावं. छोट्या टाकीला हे भरपूर झालं. मोठ्या, माजलेल्या टाकीला हे काहीच नाही.

एका बैठकीत सगळे मारायचा मोह आवरा. 200 लिटरच्या टाकीत एका वेळी दहा-पंधरा, आणि पुढची खेप तीन-चार दिवसांनी, हे प्रमाण सुरक्षित आहे. मेलेला प्रत्येक गोळा कुजतो. तीस-चाळीस एकदम मेले की अमोनियाचा भार अचानक वाढतो, आणि लहान टाकीत त्याचा फटका आधी कोळंबी-गोगलगायींना आणि मग माशांना बसतो. शेवटच्या डोसनंतर दहा-पंधरा मिनिटं पंप बंदच ठेवा. मग 4 ते 6 मिलीमीटरच्या नळीने सायफन लावून पांढरे गोळे आणि सांडलेलं द्रव्य ओढून घ्या. ही पायरी बरेच जण गाळतात. पंप सुरू होताच तेच द्रव्य उडून शेजारच्या युफिलिया किंवा ॲकॅन कोरलच्या मांसल अंगावर बसतं आणि तिथे पांढरा डाग पडतो. कोरलवर बसलंच तर लगेच बॅस्टरने (रबरी फुग्याच्या पिचकारीने) पाण्याचा हलका झोत मारून उडवा. मासे सुटे कण अन्न समजून तोंडात घ्यायला येतात, त्यांना दुसऱ्या कोपऱ्यात खाण्याचं आमिष दाखवलं की काम निवांत होतं. पंप सुरू करताना वेव्हमेकर आधी मंद ठेवा.

आता या औषधाच्या उणिवा. एक, ते फक्त दिसणाऱ्या आणि पसरलेल्या फुलावर चालतं. दगडाच्या पोटाखाली, पाइपच्या आत, ओव्हरफ्लोच्या दातांमागे ते पोहोचत नाही. ॲप्टेशिया अंधारातही जगतं, फक्त फिकट पडतं, कारण उजेड नसला तरी वाहत्या पाण्यातलं अन्न त्याला मिळत राहतं. समोरची काच स्वच्छ आणि सम्प मात्र गजबजलेला, अशी टाकी महिन्याभरात पुन्हा भरते. दोन, नळी तुंबते. काम झाल्यावर सिरिंज आणि नळी लगेच गोड्या पाण्याने दोन-तीनदा उपसून धुवा, नाहीतर आतला थर वाळतो आणि पुढच्या वेळी दट्ट्या अडकतो. अडकलेला दट्ट्या जोराने दाबला की सगळं द्रव्य एकदम बाहेर येतं आणि फूल मिटतं. तीन, खोल भोकात राहणाऱ्यांचा तळवा वाचतो. म्हणून तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी त्याच जागा टॉर्चने तपासायच्या. टाचणीच्या डोक्याएवढी, जवळपास रंगहीन पिल्लं दिसली की तेव्हाच टिपायची. हा चार आठवड्यांचा पाठपुरावा नसेल तर बाटलीला दोष देण्यात अर्थ नाही.

या बाटलीचा खरा प्रतिस्पर्धी म्हणजे चुना. कॅल्शियम हायड्रॉक्साइड बऱ्याच रीफवाल्यांकडे, म्हणजे कोरल पाळणाऱ्यांकडे, चुन्याची निवळी देण्यासाठी असतंच. साधारण 2 ग्रॅम चुन्यात 3 ते 4 मिली आरओ पाणी थेंबाथेंबाने घालून सिरिंजमधून जेमतेम ढकलता येईल एवढं दाट केलं की लेप तयार. ॲप्टेशियावर तो चांगलाच चालतो. पण दोन गोष्टींत तो मागे पडतो. चुन्याची झोंब ॲप्टेशियाला लवकर जाणवते, त्यामुळे ते गिळण्याआधी मिटण्याची शक्यता जास्त, आणि हात सफाईदार नसेल तर निम्मे डोस वाया जातात. दुसरी गोष्ट रसायनाची. संपृक्त निवळीचा पीएच साधारण 12.4 असतो. 1 ग्रॅम कोरडा चुना 100 लिटर पाण्यात पूर्ण विरघळला तर क्षारता सुमारे 0.75 डीकेएचने (हे क्षारतेचं एकक) चढते आणि पीएच तीन-चार दशांशांनी वर जाऊ शकतो. 400 लिटरच्या टाकीला हे जाणवतही नाही. 40 लिटरच्या नॅनो टाकीत तेवढ्याच चुन्याने पीएच धोक्याच्या रेषेवर जातो आणि पाणी दुधाळ होऊ शकतं. म्हणून लेप वापरायचा तर 200 लिटरला दिवसाला पाच-सहा डोस, दिवे लागून थोडाच वेळ झाला असताना, कारण तेव्हा पीएच दिवसातल्या खालच्या पातळीवर असतो. त्या दिवशीचा निवळीचा नेहमीचा डोस वगळावा. डोळ्यांवर गॉगल आणि हातात मोजे हवेतच. सिरिंजचं टोक दाबाने निसटलं तर चुना थेट डोळ्यात जातो.

तेव्हा मोठी टाकी, सरावलेला हात आणि घरात चुना असेल, तर बाटलीवाचून अडत नाही. नॅनो टाकी असेल किंवा पहिल्यांदाच हे काम करत असाल, तर बाटलीच घ्या.

लिंबाचा रस, व्हिनेगर, उकळतं पाणी हे प्रकार सुईने देठात टोचावे लागतात. टोचण्याआधीच फूल आत जातं, आणि उकळतं पाणी सुईतून जाईपर्यंत कोमट होतं. सुपरग्लूने भोक बुजवलं तर ॲप्टेशिया शेजारच्या फटीतून बाहेर येतं. कोरल डिपवर (नवं कोरल बुडवून काढायच्या औषधी द्रावणावर) तर अजिबात विसंबू नका, डिपमधून ॲप्टेशिया बहुधा जिवंत बाहेर पडतं.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. दगड बाहेर काढून उकळू नका. दगडांवर वाढणाऱ्या पॅलिथोआ आणि काही झोआंथिडमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. उकळताना किंवा गरम पाण्याने घासताना ते वाफेतून आणि तुषारांतून श्वासात जातं, आणि घरातली सगळी माणसं, पाळीव जनावरं गंभीर आजारी पडल्याच्या घटना घडलेल्या आहेत. दगडावरचे जीव वाचवायचे नसतील तर तो टाकीबाहेर काढून महिनोन्‌महिने कोरडा पडू द्या. एका समुद्रफुलापायी माणसाचा जीव धोक्यात घालू नये.

मजानो हे दुसरं उपद्रवी समुद्रफूल. बुटकं, जाड, हिरवट-तपकिरी, टेंटॅकलची टोकं फुगीर. पुष्कळ जण त्याला बबल-टिप या पाळीव समुद्रफुलाचं पिल्लू समजून जपतात. त्याच्यावर ॲप्टेशिया-एक्स चालतं, पण ते आत घ्यायला नाखूश असतं, डोस दीड-दोनपट लागतो आणि पुन्हा द्यावा लागतो. ते बहुतेक वेळा दगडाच्या उघड्या पृष्ठभागावर बसतं. त्यामुळे छिन्नीने किंवा बोन कटरने खालच्या दगडासकट ढलपी उडवणं जास्त खात्रीचं. ढलपी काढताना फूल फाटता कामा नये, आणि हे काम टाकीबाहेर बादलीत करायचं.

बाटलीची ताकद संपते तिथे जिवंत मदतनीस लागतात. सगळ्यात पक्का म्हणजे बर्घिया, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची पांढुरकी-तपकिरी सागरी गोगलगाय, पाठीवर केसाळ झालर असलेली. बाजारात ती बऱ्याचदा बर्घिया व्हेरुकिकॉर्निस या नावाने मिळते, पण पैदास केलेली असते ती बर्घिया स्टेफनीए. ती ॲप्टेशियाशिवाय काहीच खात नाही, आणि त्याचे डंख न पचवता स्वतःच्या झालरीत साठवून ठेवते. 200 लिटरला दहा-बारा तरी हव्यात. पोहोचल्या की पाण्याशी हळूहळू जुळवून, दिवे बंद झाल्यावर, ॲप्टेशियाच्या दाटीजवळ एकाच जागी सगळ्या सोडा. विखरून टाकल्या तर त्या एकमेकींना भेटत नाहीत, अंडी होत नाहीत आणि मोहीम तिथेच संपते. काचेवर किंवा दगडावर पांढऱ्या दोऱ्याची वेटोळी अंडी दिसली की समजा, काम मार्गाला लागलं. फरक दिसायला दोन-तीन महिने जातात, पहिला महिना तर काहीच होत नाहीसं वाटतं. वेव्हमेकरच्या तोंडाला जाळी किंवा स्पंज लावा. आणि पुढची चूक टाळा: बर्घिया सोडल्यावर बाटली हातात घेऊन उरलेले ॲप्टेशिया मारत सुटू नका, त्यांचं अन्नच संपतं. सगळे ॲप्टेशिया संपल्यावर त्या उपाशी मरतात, तेव्हा त्या आधीच दुसऱ्या गरजू टाकीला द्याव्यात.

सिक्सलाइन रास, इतर काही रास मासे, खेकडे आणि पेपरमिंट कोळंबी बर्घियांना खातात. म्हणजे पेपरमिंट आणि बर्घिया यांतलं एकच निवडावं लागतं. पेपरमिंट, म्हणजे लिस्माटा वुर्डेमानी आणि तिच्या जवळच्या जाती, लहान ॲप्टेशिया आवडीने खातात, मोठ्यांच्या वाटेला सहसा जात नाहीत. म्हणून इथे बाटली आणि कोळंबी यांची जोडी छान जमते: मोठे बाटलीने, पिल्लं कोळंबीने. 200 लिटरला तीन ते पाच सोडा आणि काही दिवस माशांचं खाणं हात राखून घाला, नाहीतर आयतं मिळतंय म्हटल्यावर त्या ॲप्टेशियाकडे बघणार नाहीत. घेताना पाठीवरचा बाक, मोठे डोळे आणि लाल अंगावरच्या ठळक पांढऱ्या रेघा दिसल्या तर ती पेपरमिंट नव्हे, कॅमल कोळंबी आहे, आणि ती कोरल खाते. कॉपरबँड बटरफ्लाय हा मासा ॲप्टेशिया खातो, पण टाकीतलं खाणं धरत नाही म्हणून बरेचसे भुकेने मरतात. नुसत्या ॲप्टेशियापायी तो आणू नये. ब्रिस्टल-टेल फाइलफिश जास्त काटक, पण कधी कोरलला तोंड लावेल याचा भरवसा नाही.

ॲप्टेशिया कशावर पोसलं जातंय तेही बघा. खाणं जास्त पडणाऱ्या, नायट्रेट-फॉस्फेट चढलेल्या टाकीत कुठलाही उपाय अपुराच पडतो. नवं कोरल आलं की फ्रॅग प्लगचा खालचा भाग आणि कडा भिंगाने तपासा. शक्य असेल तिथे कोरल प्लगवरून कापून नव्या प्लगवर चिकटवा आणि जुना प्लग टाकून द्या. प्लगवर एखादंच ॲप्टेशिया असेल, तर तो वेगळ्या भांड्यात टाकीच्याच पाण्यात ठेवून तिथेच बाटलीचा डोस द्या आणि दोन आठवडे तो प्लग वेगळा ठेवा. या कामाला अर्धा मिली औषध लागतं, आणि बाटलीतला सगळ्यात सत्कारणी लागणारा अर्धा मिली हाच.